बाहेरून फिरणारी मोटर आणि वच्छलाचा मान

अक्कलकोट रोडच्या मागं, यंत्रमागांच्या दोन शेडांमधल्या बोळात वच्छलाचं वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली लाकडी बाक, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं आणि कोपऱ्यात जळालेल्या पंख्यांचा ढीग. पाटी नाही. पाटीची गरज कधी पडली नाही, कारण माग खडखडत असले तरी वच्छलाचा आवाज चौकापर्यंत जातो.

"अक्का, जरा अर्जंट आहे हो," असं एखादा कारखानदार म्हणाला की ती मान वर न करता विचारते, "जाळताना अर्जंट नव्हतं व्हय?"

नवरा गेला तेव्हा दुकान काढून टाक म्हणून सांगायला घरचे आले, दारचे आले, आणि ज्यांचा काही संबंध नाही तेही आले. बाई पान्हा धरून बसली तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, म्हणाले. गिऱ्हाईक फिरकलं. पहिल्यांदा बाई बघायला आलं, आणि पंखा चालला म्हणून दुसऱ्यांदा आलं. पुढं त्या सांगणाऱ्यांचेच पंखे तिच्या ढिगात येऊन पडायला लागले. ते तिनं भरून दिले, पण भरताना तोंड बंद ठेवलं असं कुणी म्हणू नये.

शहरात ती अशी. वर्षातून एक दिवस मात्र तिला तोंड उघडावंच लागत नाही.

वळसंगच्या पुढं, आडबाजूला तिच्या माहेरची वस्ती आहे. वस्तीला लागून दगडधोंड्यांचं टेकाड आणि त्याच्या माथ्यावर मायाक्काचं ठाणं. देऊळ म्हणावं असं काही नाही. एक दगडी ओटा, त्यावर शेंदूर, बाजूला घंटा, आणि वाऱ्यानं चिंध्या झालेलं निशाण. माघातली जत्रा झाली की पुढच्या मंगळवारी अख्खी भावकी टेकाडाच्या पायथ्याला जमते. घराण्यातली सगळ्यांत थोरली लेक नैवेद्याचं ताट घेऊन एकटी वर चढते. ताट ओट्यावर टेकलं, घंटा वाजली, की मग बाकीच्यांनी पाऊल उचलायचं. तोवर कितीही मोठा माणूस आला तरी पायथ्याला उभा. मानकरणीनं कुणाचा आधार घ्यायचा नाही, आणि ताटाला मध्ये दुसऱ्याचा हात लागायचा नाही. याला पहिला मान म्हणतात.

हा मान गेली कित्येक वर्षं वच्छलाकडं होता. सून म्हणून, विधवा म्हणून, वायंडिंगवाली म्हणून जी आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या मागं उभी राहिली, तिच्या मागं त्या दिवशी सगळे उभे राहायचे. हळदीकुंकवाला जिला 'तू जरा बाजूला बस' म्हणतात, तिला तिथं बाजूला हो म्हणायची कुणाची छाती नव्हती. लेक ती लेक. कपाळ कुणी बघायचं नाही.

आणि यंदा, दिवाळीच्या तोंडावर, एका मंगल कार्यालयातला पंखा उतरवताना पायाखालचा घोडा, म्हणजे उभी शिडी, सरकला. वच्छला खाली आली आणि तिच्या गुडघ्यात लोखंडाची पट्टी बसली. डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीला काठी घेऊन फिरा, पण चढ-उताराचं नाव काढू नका.

संक्रांत झाली तसा महिपतीचा फोन आला. महिपती म्हणजे तिचा थोरला चुलतभाऊ, भावकीतला शेवटचा शब्द त्याचा.

"वच्छे, मग यंदा दानीला सांगतो ताटाचं."

"का? मी मेले का?"

"मेलीस असं कोन म्हनतंय? चढता येत न्हाई की तुला."

"यंदा न्हाई येत. पुढच्या साली येईल."

"मान एकदा फिरला की फिरला. म्हाईत हाय की तुला. थोरल्या आत्याचा असाच फिरला आनि तुज्याकडं आला, तवा तू न्हाई म्हनालीस का?"

 वच्छलानं फोन आपटला आणि दिवसभर गिऱ्हाइकांचं काही खरं नव्हतं.

दानी म्हणजे दानेश्वरी, दुसऱ्या चुलत्याची लेक, वच्छलापेक्षा काही महिन्यांनी धाकटी. लहानपणी दोघी मिळून गोवऱ्या वेचायच्या आणि मिळून भांडायच्या. पुढं गोवऱ्या सुटल्या, भांडण सुटलं नाही. दानेश्वरी वस्तीवरच दिलेली. दुसरा मान तिचा. म्हणजे बाकी सगळे पायथ्याला असताना तिनं तेवढं वच्छलाच्या आधी वर जाऊन ओटा झाडायचा, पाणी शिंपडायचं, आणि वच्छलाचं ताट येईपर्यंत बाजूला उभं राहायचं. इतकी वर्षं ती बाजूला उभी राहिली होती, आणि दर वर्षी वच्छला वर पोचली की पहिला शब्द तिचा असायचा, "आलीस? मला वाटलं वाटंत झोपलीस."

त्याच आठवड्यात अतीक दुकानात आला. विजापूर वेशीत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, वय तिशीच्या पुढं, आणि जीभ वच्छलाच्या तोडीची. म्हणूनच दोघांचं जमायचं. त्यानं बाकावर लिंबाएवढी एक मोटर ठेवली.

"मावशी, ये देखो. जळली. भरून मिळंल?"

"हे काय? मिक्सरचं पिल्लू?"

"आउटरनर बोलते इसको. ब्रशलेस. यात घासणारा कार्बन नाय, काय नाय. आणि याची गंमत म्हंजे, मधलं थांबतं आणि बाहेरचं फिरतं."

वच्छलानं मोटरचं घंटीसारखं टोपण बोटानं फिरवून बघितलं. मग काठीनं वर दाखवलं. वर छताचा पंखा फिरत होता.

"त्यात गंमत काय रे? हे बी तसंच की. मधलं गप बसतंय, बाहेरचं गरगरतंय. पाती काढली तर हा ह्याचा थोरला भाऊ हाय."

"हौ, पण थोरल्याच्या पोटात चुंबक नाय."

ते खरं होतं. टोपण उपसल्यावर आतल्या बाजूनं लोहचुंबकाच्या चपट्या फिती ओळीनं चिकटवलेल्या दिसल्या, आणि मध्ये तारेनं भरलेलं, जळून काळं पडलेलं, नक्षत्रासारखं दातेरी लोखंड. वच्छलानं वास घेतला. जळालेल्या व्हार्निशचा वास सगळीकडं सारखाच असतो.

"कशाला लावली व्हतीस?"

अतीकनं पिशवीतून ट्रक काढला. बाकाची एक बाजू अडवील एवढा, जुन्या जिपेच्या तोंडाचा, मऊ जाड चाकांचा. रिमोटवर चालणारा. वच्छलाला वाटलं हा पळवायचा खेळ असेल. अतीकनं मान हलवली. हे पळवायचे ट्रक नाहीत. तो आणि त्याचे दोस्त रविवारी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत जातात. तिथं दगडधोंड्यांवरून, कपारीतून, न उलटता आणि सगळ्यांत हळू गाडी कोण काढतो, हा खेळ. याला ट्रेल म्हणतात. साधी कार्बनची मोटर यात चालते, पण चढावर वजन आलं की तापते. म्हणून त्यानं विमानं उडवणाऱ्या एकाकडून ही आउटरनर घेतली. बाहेरचा घेर फिरतो म्हणून तिच्या अंगात जोर जास्त. पण विमानाची मोटर वाऱ्यात पळायला भरलेली. तिला धोंड्यावर रांगायला लावलं, आणि तिनं जीव दिला.

"शर्यतीच्या बैलाला मोट ओढायला लावलीस की," वच्छला म्हणाली.

"मोट ओढणारा बैल बनवून द्या मग."

"तू आधी मला नेऊन दाखव, कुटं ओढायचीय ती मोट."

रविवारी अतीकनं तिला आपल्या व्हॅनमधून खाणीवर नेलं. सावलीला खुर्ची टाकून दिली. त्याच्या एका दोस्ताचा ट्रक समोरच्या धोंड्यावर चढत होता. चढत होता म्हणजे काय, पुढचं एक चाक वर ठेवायचा, थांबायचा, अंग तोलायचा, मग मागचं चाक उचलायचा. म्हातारं माणूस पायऱ्या चढतं तसा. वच्छला काठीवर हनुवटी टेकून त्या चाकांकडं बघत राहिली. अतीकला वाटलं उन्हाचा त्रास होतोय.

"मावशी, पाणी देऊ?"

"ह्याच्यावर ताट ऱ्हाईल का रे?"

"कसलं ताट?"

"नैवेद्याचं."

महिपतीला फोन लावला तो तिथूनच. 

"गाडीवरनं नैवेद्य?" महिपती म्हणाला. "वच्छे, डोकं ठिकाणावर हाय का तुजं?"

"दादा, नेम काय हाय सांग. ताटाला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाई. न्हाई लागणार. मानकरणीनं कुनाचा आधार घ्यायचा न्हाई. न्हाई घेनार. गाडी माझ्या हातानं चालनार. मग नेम कुटं मोडला?"

"पायानं जायचं असतंय."

"असं कोन म्हनलंय? थोरल्या आत्याला शेवटी शेवटी बैठकीनं सरकत जाताना बघितलंयस की तू. तवा पाय कुटं व्हते?"

भावकी बसली, बोलली, हसली, भांडली. दोन दिवसांनी निरोप आला. चालेल. पण गाडी उलटली, ताट सांडलं, किंवा वाटेत कुणाचा हात लागला, तर त्याच जागी मान दानेश्वरीकडं, कायमचा. आणि देवीच्या टेकाडावर आधी सराव करायचा नाही, ती काही खाण नाही. निरोपाच्या शेवटी दानेश्वरीचं स्वतःचं एक वाक्य होतं. "तिला सांगा, गाडीला कुंकू लावून आन, सवाष्ण तरी दिसंल."

वच्छलानं ते ऐकलं, आणि मोटर बाकावर घेतली.

जुनी तार तिनं कातरून काढली. विमानाला जाड तारेचे थोडे वळसे होते, म्हणून ती सुसाट पळायची. वच्छलानं बारीक तार घेतली आणि प्रत्येक दातावर बसतील तेवढे जास्त वळसे घातले. वळसे वाढले की वेग मरतो आणि तेवढ्याच विजेत ओढ वाढते, हे तिला विहिरीतल्या पाणबुडी पंपापासून मागापर्यंत सगळ्यांनी शिकवलं होतं. तारेची टोकं आधी डेल्टात, म्हणजे त्रिकोणात, जोडलेली होती. ती तिनं उघडली आणि स्टार केला, म्हणजे तिन्ही एका गाठीत बांधली; त्यानं चाल आणखी मंदावते.

"मोठ्या मोटरला सुरू करताना स्टार देतात ना?" अतीक बघत होता.

"हिला कायमचा स्टारच. हिला कुटं पळायचंय? आपल्याला देवीला जायचंय, हैदराबादला न्हाई."

पहिला सराव खाणीत झाला. ताटाऐवजी थाळी, थाळीत ओली वाळू. ओढ तर अशी, की ट्रक धोंड्याला चिकटून वर सरकायचा. पण थांबून पुन्हा निघताना एक हिसका बसायचा. अतीकनं सांगितलं, या मोटरला आतून सांगणारं कुणी नाही. गाडी थांबली की तिला वीज देणाऱ्या कंट्रोलरला कळत नाही, चुंबक नेमके कुठल्या तोंडाला आहेत. अंधारात दिव्याचं बटण चाचपडावं तसं तो चाचपडतो, आणि बटण सापडलं की झटका. नव्या भरणीनं हिसका कमी झाला होता. कंट्रोलरची सेटिंग बदलून अतीकनं आणखी कमी केला. पुरता गेला नाही.

"मग थांबायचंच न्हाई," वच्छला म्हणाली.

"चढावर थांबायचं नाय, बस. मुंगीसारखं जायचं, पण जात राहायचं."

तिचा हात लवकर बसला. आयुष्यभर तार ताणून धरली होती. जास्त ओढली तर तुटते, सैल सोडली तर वळसा फुगतो. रिमोटच्या ट्रिगरवर बोट तसंच ठेवायचं, एवढंच.

पुढच्या सरावाला त्यांनी ट्रक कोरड्या ओढ्यातून नेला. घरी आल्यावर मोटर कुरकुरत होती. टोपण काढलं तर चुंबकांना काळ्या वाळूची मिशी फुटलेली. आपल्याकडच्या ओढ्यातली वाळू कशी असते, ते स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून ओढलेल्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. निम्मी लोखंडच. बंद मोटरच्या आत ती जात नाही, पण ही उघडी.

इथं वच्छलानं ती चूक केली, जी फक्त पंखे भरणारं माणूसच करील. जळालेला पंखा आला की त्याचा सांगाडा थिनरच्या डब्यात बुडवायचा, जेवून यायचं, आणि ब्रशनं घासून काढायचा. इतक्या वर्षांची हाताची सवय. तिनं चुंबकाचं टोपण उचललं, डब्यात टाकलं आणि भाकरी खायला गेली. परत आली तेव्हा टोपण स्वच्छ झालं होतं. इतकं स्वच्छ, की आतल्या बाजूला काहीच उरलं नव्हतं. गोंद विरघळून सगळे चुंबक डब्याच्या तळाशी एकमेकांना मिठी मारून बसले होते.

अतीक आला तेव्हा ती भाकरीचा हात न धुता डब्यापाशी बसली होती. 

"क्या हुआ?"

तिनं डबा पुढं सरकवला. त्यानं आत बघितलं, आणि हसू आवरायला बाहेर बोळात गेला. परत आला तरी ओठ दाबलेलेच.

"हस की. हसून घे. मग हिकडं बस आनि ह्यांची तोंडं ओळखायला लाग."

दुपारभर दोघं चुंबक लावत बसले. एकाचं उत्तरेचं तोंड आत, शेजारच्याचं दक्षिणेचं, पुन्हा उत्तरेचं. मध्ये सारखं अंतर राहावं म्हणून काडेपेटीच्या काड्या खुपसल्या. यावेळी गोंद पक्का घेतला, दोन नळ्यांमधला मिसळायचा. एक चुंबक उलटा बसला होता. मोटर फिरवल्यावर ती रडायला लागली तेव्हा कळलं. तो काढून सुलटा केला. मग वच्छलानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मोटरभोवती, फिरणाऱ्या टोपणाला कुठंही न टेकणारं, एक झाकण केलं. वाळू बाहेर, वारा आत.

"मावशी, हे कुणाला सांगू नको काय?" अतीकनं विचारलं.

"सांग की. थिनरात टाकू नका म्हनून सांग. माझं नाव घालून सांग. लोकांनी दुसरी चूक करावी, तीच कशाला?"

मंगळवार उजाडला. ऊन कोवळं होतं आणि वारा पडलेला. पायथ्याला भावकी जमली होती. नेहमीपेक्षा जास्तच, कारण गाडीवरून नैवेद्य जाणार ही बातमी पार करकंबच्या सोयऱ्यांपर्यंत पोचली होती. बाया पदराआड हसत होत्या. बाप्ये उघड हसत होते. वच्छलानं सगळ्यांदेखत ट्रकच्या टपावरच्या चौकटीत पितळी ताटली बसवली. पुरणपोळी, दहीभात, लिंबाची फोड. ताटलीच्या कडेला कणकेची गोल भिंत केलेली, भात सरकू नये म्हणून. ताटली सुटीच ठेवली होती. देवीचं ताट बांधून नेत नाहीत.

"दानी वर गेली?" तिनं विचारलं.

"कवाच," महिपती म्हणाला. "ओटा झाडून बसलीय."

वच्छला खुर्चीत बसली. काठी महिपतीकडं दिली, रिमोट मांडीवर घेतला, टेकाडाकडं बघून एकदा हात जोडले. मग बोट ट्रिगरवर आलं.

ट्रक निघाला. शेळ्यांच्या पायवाटेनं, आवाज न करता. कार्बनच्या मोटरसारखी घरघर नव्हती. पहिला धोंडा आला. चाक वर, तोल, मागचं चाक. मागं कुणीतरी म्हणालं, "आईच्यान, चढला की." हसणं हळूहळू थांबलं. गर्दी तीच होती. आता तिचा श्वास ऐकू यायला लागला होता. वच्छला कुणाकडं बघत नव्हती. बोट तार धरावी तसं धरलेलं, गाडी मुंगीच्या चालीनं, पण चालत.

माथ्याच्या अलीकडं वाट एका मोठ्या कातळाला वळसा घालते. तिथं ट्रक कातळाच्या आड गेला आणि दिसेनासा झाला.

हे वच्छलाला आधी सुचलंच नव्हतं. चढून जाताना कातळ आड येत नाही. तो खाली बसलेल्यालाच आड येतो. तिचं बोट सैल झालं. थांबलं तर हिसका, हिसका बसला तर भात बाहेर. न थांबावं तर गाडी कुठं चाललीय ते कळत नाही. कडेला घसरगुंडी होती, हे तिला पावलांनी माहीत होतं.

वर एकटी दानेश्वरी होती. ती नुसती गप्प बसली असती, तरी पुरलं असतं. गप्प बसणं हा काही गुन्हा नाही. मान आपसूक तिच्याकडं आला असता, आणि भावकीनं तिला नावही ठेवलं नसतं.

वरून आवाज आला. "आगं डावीकडं! डावीकडं घे, कुटं दरीत निघालीस?"

वच्छलानं डावीकडं घेतलं.

"आता सरळ. सरळ, सरळ... धोंडा हाय फुडं, हळू. आगं हळू म्हंजे थांबू नको! हां. चढला. आता उजवीकडं वाईच. पुरे! लई वळवतीस, सायकल हाय का ती?"

खाली कुणी हलत नव्हतं. वच्छला डोळे मिटून चालवत होती. उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं?

"आली!" वरून ओरडणं आलं. "ओट्याफुडं आली. भात जागच्या जागी हाय. पोळी जरा सरकलीय."

खाली एकदम गलका झाला. अतीकनं वच्छलाच्या खुर्चीला हात लावून उडी मारली. महिपती मात्र वर बघत होता.

"ठेव की मग ताट," त्यानं वच्छलाला म्हटलं.

"कसं?"

"ओट्यावर. टेकायला नको? घंटा वाजवायला नको?"

वच्छलाचं तोंड उघडं राहिलं. ओटा कमरेएवढा उंच होता. इतके आठवडे तार, वळसे, स्टार, चुंबक, वाळू, हिसका, सगळ्याचा विचार झाला होता. गाडीला हात नाहीत, याचा विचार ना तिनं केला होता, ना अतीकनं, ना खाणीतल्या त्या सगळ्या दोस्तांनी. दर वर्षी तिचे हात आपसूक ताट ठेवत आले होते. ओटा उंच आहे, हे हातांनी डोक्याला कधी कळवलंच नव्हतं.

अतीक कपाळावर हात मारून मटकन खाली बसला. कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

"म्हंजे ताट टेकलं न्हाई," महिपती हळूच म्हणाला. त्यालाही ते बोलणं आवडलं नव्हतं. "दुसऱ्यानं उचललं तर हात लागला. नेम हाय, वच्छे."

वच्छलानं रिमोट मांडीवर ठेवला. भांडायला तोंड उघडलं, पण भांडणार कुणाशी? नेम तिनंच तोंडपाठ म्हणून दाखवला होता.

तेवढ्यात वरून पुन्हा आवाज आला. कातळावर आदळून तो मोठा होऊन खाली येत होता.

"ए दादा! गाडी कुनाच्या सांगन्यावर वर आली?"

"वच्छीच्या."

"मग? गाडी तिचा हात, तर मी बी तिचा हात! ती सांगंल तसं उचलते, ती सांगंल तिथं ठेवते. लोखंडाच्या डबड्याला चालतंय, तर मला का न्हाई?"

महिपतीनं डोकं खाजवलं. भावकीतले दोघे-तिघे म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. कुणालाच यातली खोट सापडेना. "बरोबर हाय की," एकजण म्हणाला.

"पन सांगावं लागंल!" वरून दानेश्वरी. "तोंडानं! आयुष्यात मला कदी काय सांगितलं न्हाईस, नुस्तं ताट घिऊन फुडं निघून गेलीस. सांग आता."

खाली सगळ्यांच्या माना वच्छलाकडं वळल्या.

"ठेव!" वच्छला ओरडली.

"ऐकू आलं न्हाई!"

"ठेव म्हनलं की! बहिरी झालीस व्हय?"

"वारं हाय हितं वर!"

वारा नव्हता. निशाणाची चिंधीसुद्धा हलत नव्हती, खालून दिसत होतं. बाया आता पदर न घेताच हसत होत्या. वच्छलाचे कान तापले होते. तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं, नवऱ्याच्या आजारपणात नाही, दुकानासाठी नाही, पायात पट्टी बसली तेव्हा उठून बसायलासुद्धा नाही. ती काठीशिवाय उठायला गेली, जमलं नाही, बसली. मग छाती भरून श्वास घेतला, आणि तिचा आवाज, जो मागांच्या खडखडाटावर चढायचा, तो टेकाडावर गेला.

"दाने, मला न्हाई गं येता येत वर. माझं ताट तू ठेव. तुज्या हातानं ठेव, आनि घंटा बी तूच वाजव."

 मग घंटा वाजली. एकदा हळू, आणि मग चांगली जोरात.

माणसं टेकाडाला लागली. पायथ्याला वच्छला आणि तिची खुर्ची उरली. ट्रक खाली आला तो दानेश्वरीच्या कमरेवर बसून, पोराला घेतात तसा. तिनं तो वच्छलाच्या मांडीवर टाकला आणि शेजारी दगडावर टेकत गुडघा चोळायला लागली.

"पोळी करपलीय तुजी," ती म्हणाली.

"देवीनं सांगितलं व्हय?"

"मी बघितलं की. उचलली मीच."

परतीच्या वाटेवर, व्हॅनमध्ये, अतीक पार पुढच्या वर्षात पोचला होता. मागच्या बाजूला छोटा सर्वो, म्हणजे उचलायची मोटर, बसवायचा, डंपरसारखी चौकट उचलायची, ताट अलगद ओट्यावर सरकवायचं. ओट्याएवढ्या उंचीसाठी एक हात करता येईल, कारखान्यात असतो तसा. घंटेलासुद्धा एक काडी काढू. सगळं जमतं, फक्त वजन वाढेल, मग मोटरला अजून थोडे वळसे...

"वळसे घालते," वच्छला खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "कातळापाशी हिसका बसला व्हता वाईच, तेवढा काढू. पन ते हाताचं ऱ्हाऊ दे."

"का? अख्खा आपोआप होईल, मावशी. कुणाची गरजच नाय."

"ऱ्हाऊ दे म्हनते ना. दानी हाय की."